टाकीत पाणी किती उरलं

आमच्या यंत्राला मिनिटाला दहा लिटर पाणी लागतं. हे आधीच सांगते, कारण धंदा काय म्हणून विचारणाऱ्या निम्म्या लोकांना वाटतं की यंत्रच पाणी तयार करतं. यंत्र पाणी तयार करत नाही. यंत्र पाण्याला राग आणतं. पाणी मी देते.

आमच्या शाळेतले गुरुजी दरवर्षी मंडईच्या, म्हणजे आमच्याकडच्या दिवाळीनंतरच्या जत्रेच्या, आधी दिवाळी अंक काढतात. या वर्षी ते घरी आले आणि म्हणाले, "आजी, तुमच्या धंद्यावर लिहून द्या."

"मी चौथी पास आहे, गुरुजी."

"मंग चौथीपर्यंतच लिहा. पाचवीचं आमी पाहून घेऊ."

म्हणून लिहिते. शुद्धलेखन त्यांनी पाहावं, खरंखोटं मी पाहीन.

आमची एक छोटी मालवाहू गाडी आहे. तिच्या मागच्या हौद्यात साडेसातशे लिटरची काळी टाकी पट्ट्यांनी आवळून बसवली आहे. टाकीशेजारी पेट्रोलवर चालणारं इंजिन, त्याला जोडलेला पंप, आणि पंपाला लांबच लांब पाइप. पाइपाच्या टोकाला बंदुकीसारखी नळी. तिचा घोडा दाबला की पाणी असं सुटतं की ट्रॅक्टरच्या चाकाला वाळून दगड झालेला चिखल पापडासारखा उडतो. लोक बोलावतील तिथं जायचं आणि धुऊन द्यायचं. ट्रॅक्टर, हार्वेस्टर, राइस मिलचं अंगण, मंगल कार्यालयाची फरशी, घराच्या भिंती. बोलावणाऱ्याकडे पाणी नसलं तरी चालतं, आमचं आम्ही नेतो. धंद्याची सगळी गोम त्यातच आहे.

गाडी माझ्या मुलानं, रवीनं, घेतली होती. त्यानं वर्षभर चालवली आणि रायपूरच्या कारखान्यात नोकरी लागली तसा निघून गेला. गाडी परसात ताडपत्रीखाली पडून राहिली. कोंबड्या पाइपाच्या वेटोळ्यात अंडी घालू लागल्या. एक दिवस माझी सून वंदना परसात गेली, ताडपत्री ओढली, पाच अंडी माझ्या पदरात घातली आणि म्हणाली, "आई, मी भावाकडे गाडी शिकून राहिली. पान्याकडे तुमी पाहाल का?"

गावात कुजबुज झाली. बाई मालाची गाडी चालवणार म्हणून. शेजारचा एक जण मला म्हणाला, "काऊन वो बाई, सुनेले रस्त्यावर काढता?"

मी म्हटलं, "म्हशीचं दूध ती काढते. गाडी तर लाथही मारत नाही."

त्याला नऊ वर्षं झाली. वंदना गाडी चालवते, नळी धरते. मी टाकीपाशी बसते.

टाकीपाशी बसणं म्हणजे नुसतं बसणं नाही. पंपाला पाणी एकसारखं मिळालं पाहिजे. पहिली गोष्ट, टाकीचं झाकण कधी घट्ट लावायचं नाही. आम्ही सुरुवातीला लावलं होतं, हिंदकळून पाणी सांडू नये म्हणून. दहा मिनिटांत टाकीचे गाल आत गेले, दात पडलेल्या म्हाताऱ्यासारखे, आणि पाणी बंद. पाणी बाहेर जायचं तर आत वारा यायला हवा. हे मला कोणी सांगितलं नाही, टाकीनं सांगितलं. दुसरी गोष्ट, टाकीतून पंपाकडे जाणारा पाइप जाड हवा आणि त्याला कुठं मोड नको. तिसरी, भरताना टाकीच्या तोंडाला जुन्या लुगड्याचा कपडा बांधायचा. तलावाचं पाणी भरलं तर त्या कपड्यात शेवाळ येतं, पिल्लंसुद्धा येतात मासोळीची. ती मी परत सोडते.

आणि सगळ्यात मोठं काम म्हणजे टाकीत पाणी किती उरलं ते सांगणं. पाण्याशिवाय पंप दोन मिनिटं जरी फिरला तरी आतून जळतो. पांढरी टाकी असती तर बाहेरून पाणी दिसलं असतं, पण पांढऱ्या टाकीत ऊन जाऊन शेवाळ धरतं. झाकण उघडून पाहायचं तर वर चढावं लागतं, माझे गुडघे चढू देत नाहीत. घड्याळ लावावं तर वंदना घोडा कधी दाबते, कधी सोडते, त्याचा नेम नाही. म्हणून मी टाकी वाजवते. बोटाच्या पेरानं. आमच्या घरी धानाची ढोली अशीच वाजवून पाहायचे, किती धान उरलं म्हणून. भरलेलं असतं तिथं आवाज बसका येतो, रिकामं असतं तिथं पोकळ. वरून खाली वाजवत यायचं, आवाज बदलला की तिथं पाण्याची रेघ. मग मी ओरडते, "अर्धी!" किंवा "पाव!" आणि शेवटी, "बस!" बस म्हटलं की वंदना हात काढते आणि मी इंजिन बंद करते.

पाण्याची ही ओढ मला माहेरची आहे. माझा बाप गावच्या तलावाचा पाणकर होता. तलावाची पाळ आमच्याच पूर्वजांनी बांधलेली. कोणाच्या धानाच्या बांधीत किती वेळ पाणी सोडायचं ते बाप ठरवायचा आणि तुडूम उघडायचा. तुडूम म्हणजे पाळीतून पाणी सोडायचं दार. लोक त्याला शिव्या द्यायचे, त्याच्याशी भांडायचे, आणि त्याचं ऐकायचे. तो आम्हाला सांगायचा, "धान मागितलं तर विचार करा. पिण्याचं पाणी मागितलं तर विचार करू नका." मला शाळेतलं फार काही आठवत नाही, पण हे आठवतं.

गिऱ्हाइकांचं विचाराल तर माणसांपरीस यंत्र बरं.

एक जण फोन करून म्हणाला, मोठं काम आहे, लवकर या. गेलो तर अंगणात बारा म्हशी बांधलेल्या. म्हणाला, "या धुऊन द्या. लग्नाचे पाहुणे येऊन राहिले." वंदनानं त्याला वाळलेल्या लाकडाच्या ओंडक्यावर पाणी मारून दाखवलं. साल उडाली. "आता म्हैस कोणती आधी आणता?" तिनं विचारलं. त्यानं बारा म्हशी सोडल्या आणि तलावाकडे हाकलल्या. त्या वेळी हसलो, पण हे पाणी खरंच वाईट. चामडीत शिरलं तर बाहेरून सुईएवढं भोक दिसतं आणि आतून हात सडतो. म्हणून वंदना बूट घालते, जाड हातमोजे घालते, आणि नळी कधी माणसाच्या दिशेनं करत नाही, थट्टेतही नाही.

एकदा आम्ही आमच्या भागातल्या प्रतापगडच्या यात्रेनंतर जेवणावळीच्या मंडपाची फरशी धुऊन परत निघालो. टाकीत अर्धं पाणी उरलं होतं. मला टाकवेना. चांगलं विहिरीचं पाणी. वळणावर ते अर्धं पाणी सगळं एका अंगाला धावलं आणि गाडी दोन चाकांवर उभी राहते की काय असं झालं. वंदनानं कशीबशी सावरली. खाली उतरली आणि झाडाखाली जाऊन बसली. मग म्हणाली, "आई, टाकी भरलेली ठेवा नाईतर रिकामी ठेवा. अर्धं पानी माह्या हातातून इस्टेरिंग हिसकून घेते." तेव्हापासून रस्त्यावर निघताना अर्ध्या टाकीचं पाणी मी कोणाच्या तरी झाडांना देते. त्यामुळे कितीतरी लोकांच्या दारची झाडं आम्ही जगवली आहेत, आणि त्यांना वाटतं मी दानशूर आहे.

नागझिऱ्याच्या अभयारण्याचं फाटक पावसाळ्यानंतर उघडतं त्याच्या आदल्या दिवशी जंगल दाखवायच्या जिप्स्या धुवायला आम्हाला बोलावतात. चालक सगळे ओळीनं गाड्या लावतात आणि प्रत्येकाची गाडी आधी. तिथं मी गाडीवरून ओरडते, "वाघ काय धुतलेल्या गाडीलेच दर्शन देते का रे?" ते म्हणतात, "वाघ नाई देत आजी, पन पाहुने बक्षीस देतात."

आणि एक म्हातारे होते, निवृत्त पोस्टमन. घराला नवा रंग द्यायचा म्हणून भिंती धुवायला बोलावलं. सगळं धुवा म्हणाले, फक्त दाराजवळची ही जागा सोडा. तिथं हळदीच्या हातांचे ठसे होते. बायको सून होऊन आली तेव्हा उमटवलेले. ती जाऊन बरीच वर्षं झाली होती. वंदना म्हणाली, शिंतोडे उडतीलच. मग मी त्यांच्याच घरातली मोठी परात घेतली आणि त्या ठशांवर दाबून धरून उभी राहिले. वंदना बाजूनं पाणी मारत होती. तासभर माझे हात भरून आले. काम झाल्यावर म्हातारे परात काढून पाहत बसले. ठसे जागेवर होते. ते म्हणाले, "ती असती तर तिनं तुमाले चहा दिला असता." मी म्हटलं, "ती नाई, पन तुमाले हात आहेत ना?" त्यांनी चहा केला. फार वाईट झाला होता. आम्ही प्यालो.

अशी पुष्कळ गिऱ्हाइकं सांगता येतील. पण गुरुजींना मी म्हटलं आहे की खरंखोटं मी पाहीन, म्हणून आता ते लिहिते जे मला लिहायचं नव्हतं.

या वर्षी मे महिन्यात एका राइस मिलचं काम आलं. मिलचं नाव सांगत नाही. तिथं उसना तांदूळ करतात. धान आधी वाफवायचं आणि मग सिमेंटच्या मोठ्या अंगणात वाळत घालायचं. त्या अंगणावर कोंड्याचा आणि वाफवलेल्या धानाचा थर बसतो, आंबूस वास मारतो. उन्हाळी धान यायच्या आत ते धुऊन हवं होतं. अंगण मोठं, म्हणून तीन-चार टाक्यांचं काम. पहिली टाकी सकाळी संपली, आम्ही गावातल्या विहिरीवर जाऊन दुसरी भरून आणली.

मिलचा पिण्याचा नळ त्या आठवड्यात कोरडा होता. अंगण झाडायला तिथं काही बाया कामाला असतात. त्यातली एक शेवंता. चाळिशीतली, बारीक, बोलायला तिखट. ती रिकामा गुंड, म्हणजे पितळी घागर, कमरेवर घेऊन गाडीपाशी आली.

"काय वो बाई, हे पानी फरशीलेच पाजता का मानसालेही?"

"विहिरीचं आहे. आण गुंड," मी म्हटलं.

तिनं तीन गुंड भरून नेले. तिला एकटीला नव्हे, सगळ्या बायांना. मी तोटी धरली आणि ती भरत होती. वंदना तिकडे गोदामाच्या मागच्या बाजूला होती. मला ती दिसत नव्हती, तिला मी.

मग बऱ्याच वेळानं नळीचा आवाज बदलला. पाणी संपायला आलं की नळी थुंकायला लागते. वंदनानं घोडा सोडला आणि ओरडली, "आई, पानी संपलं का?"

मी टाकी वाजवली. वरून खालपर्यंत. आवाज बसका आला.

"आहे, आहे! मार!" मी ओरडले.

तिला वाटलं पाइपात हवा अडकली असेल. तिनं घोडा दाबून धरला. थोड्या वेळानं जळक्या रबराचा वास आला, पंपातून करकर आवाज आला आणि इंजिन घरघरून बंद पडलं. वंदना धावत आली. गाडीवर चढली, झाकण उघडलं, आत पाहिलं.

"टाकी तर कोरडी हाय, आई."

तेवढ्यात मिलचे मुनीमजी आले. गोंदियाकडचे, हिंदीत बोलणारे. अर्धं अंगण धुतलेलं, अर्धं तसंच, आणि दुसऱ्या दिवशी धानाचे ट्रक येणार. "क्या हुआ? काम क्यों रुका?"

कोणीतरी म्हणालं, "शेवंतानं गाडीतलं पानी भरून नेलं नं."

मी तिथं उभी होते. मी म्हणू शकले असते की तसं नाही. वंदनानं माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "आई, बायांले पानी देलं का?"

"दिलं," मी म्हटलं. तेवढंच. ते खोटं नव्हतं, म्हणून मला वाटलं चालेल.

पंप गोंदियाला दुरुस्तीला नेला. मिस्त्रीनं तो उघडला आणि आतल्या जळलेल्या रबरी सीला हातात घेऊन म्हणाला, "माताजी, बेचारे को प्यासा मार दिया." नव्या सीला बाहेरून यायच्या होत्या. आठवडा जाणार होता.

त्या आठवड्यात गावात माझी फार स्तुती झाली. आजीनं तहानेल्या बायांना पाणी दिलं, यंत्र जळू दिलं. पाणकराची पोर शेवटी, असं एक जण म्हणाला. मी ऐकून घेतलं.

मला खरं काय ते पहिल्याच संध्याकाळी कळलं होतं. घरी आल्यावर, इंजिन बंद असताना, मी परसात गाडीपाशी गेले. उजवा कान टाकीकडे करून वाजवली. बसका आवाज. भरलेली टाकी असावी तसा. मग डावा कान केला. पोकळ. रिकाम्या ढोलीसारखी ढब्ब. पुन्हा उजवा, पुन्हा डावा. नऊ वर्षं मी इंजिनाच्या शेजारी एकाच जागी बसले होते, उजवा कान इंजिनाकडे करून, आणि वाजवताना टाकीला लावायची तोही सवयीनं उजवाच. वंदनानं मला इंजिनाचा गोंगाट अडवायला कानांवर लावायची टोपणं आणून दिली होती. मी लावत नव्हते, कारण ती लावून टाकीचा आवाज येत नाही. आता टोपणं न लावताही येत नव्हता.

आणि हे सांगितलं तर वंदना मला गाडीवरून उतरवणार. मला तेवढंच दिसत होतं. घरी बसून मी काय करू? आमचे हे, रवीचे वडील, दोन एकर शेतात रमतात, मला शेतात पाठवलं तर मी बांधावरच भांडत बसेन. माझी जागा गाडीवर होती. म्हणून मी गप्प राहिले.

आठव्या दिवशी मुनीमजींचा फोन आला. उरलेलं अंगण कधी धुता म्हणून. वंदना बोलत होती. फोन ठेवून ती चुलीपाशी आली आणि म्हणाली, "त्या शेवंताले कामावरून काढून टाकलं त्याईनं. त्याच दिवशी. म्हने तिच्यामुळं काम अडलं."

मी भाकरी तव्यावर टाकली होती. ती जळली.

माझा बाप तलावाच्या पाळीवर बसून काठीनं मातीत हिशोब मांडायचा. मी मनात तसाच मांडला. एक गुंड म्हणजे पंधरा लिटर. तीन गुंडांचे पंचेचाळीस. यंत्राला मिनिटाला दहा लिटर. म्हणजे शेवंतानं साडेचार मिनिटांचं पाणी नेलं. साडेचार मिनिटांनी टाकी लवकर संपली, आणि एवढंच झालं. पंप जळला तो टाकी संपली म्हणून नाही. टाकी रोजच संपते. पंप जळला तो मी "आहे, मार" म्हटलं म्हणून. एवढा हिशोब मिलमध्ये कोणी केला नाही, वंदनानं केला नाही, गावानं केला नाही. मला येत होता, आणि मी गप्प होते.

दुसऱ्या दिवशी पंप बसवून आणला. गाडी निघाली तेव्हा मी पुढं बसले, वंदनाच्या शेजारी. गाव मागं पडल्यावर तिला सांगितलं. सगळं. परसातलंही.

तिनं गाडी बाजूला घेतली.

"कोनता कान?"

"उजवा."

"कधीपासून?"

"माहीत नाई. हळूहळूच गेला असन."

"आणि मी तिकडं नळी धरून राहिली, तुमच्या भरवशावर." ती रस्त्याकडे पाहत होती. "मले कायले नाई सांगितलं?"

"तू मले घरी बसवशीन म्हणून."

"बसवनारच हाय," ती म्हणाली आणि गाडी चालू केली. मिलपर्यंत गाडी मात्र नेहमीपेक्षा हळू चालवली. टाकी काठोकाठ भरलेली होती, हळू चालवायचं कारण नव्हतं.

मिलच्या ओसरीवर मुनीमजी बसले होते. मी सरळ पुढं गेले आणि हिशोब सांगितला. साडेसातशे लिटर, दहा लिटर, तीन गुंड. मग माझा कान सांगितला. ते माझ्या तोंडाकडे पाहत राहिले.

"तो अब क्या चाहती हो, माई?"

"शेवंताले कामावर घ्या."

"नई औरत रख ली है. सेठजी को बता दिया. अब छोटी सी बात के लिए..."

"छोटी नाई," मी म्हटलं आणि ओसरीच्या पायरीवर बसले. गुडघे दुखत होते, आणि उठायचा विचारही नव्हता.

तेव्हा वंदना बोलली. पाइपाचं वेटोळं खांद्यावर तसंच होतं. "मुनीमजी, अर्धं अंगन राह्यलं हाय. ते आमी धुऊन देतो, त्याचे पैसे नको. पन शेवंता झाडू घेऊन पुढं उभी राहीन तवाच पाइप सोडीन. नाईतर दुसरी गाडी बोलवा."

दुसरी गाडी त्या भागात नाही, हे मुनीमजींना माहीत होतं आणि वंदनालाही. मुनीमजींनी कपाळाला हात लावला. "अरे बाप रे, सास भी और बहू भी." मग त्यांनी एका माणसाला शेवंताच्या घरी पाठवलं.

मी म्हटलं, "मी जातो त्याच्यासंग." वंदनानं अडवलं नाही.

शेवंताचं घर मिलच्या मागच्या वस्तीत. ती ओट्यावर मोहफुलं वाळत घालत होती. मी उभ्याउभ्याच सांगितलं. मधे थांबले नाही, थांबले असते तर उरलेलं बोलता आलं नसतं.

तिनं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "नऊ दिवस तुमच्या तोंडात काय दातखीळ बसली होती का?"

"हो. तसंच समज."

"माह्या नवऱ्यानं मले विचारलं, दुसऱ्याचं पानी कायले घेतलंस. मी म्हटलं, तिनं हातानं दिलं. तर म्हने, मंग ती बाई बोलली काऊन नाई?" तिनं हातातली फुलं सुपात टाकली. "पानी देलं तवा तुमी चांगल्या वाटल्या. आता मले काही सांगता नाई येत."

"नको सांगू. कामावर चल."

ती आली. झाडू घेऊन पुढं उभी राहिली. मुनीमजींनी नव्या बाईला गोदामाचं काम दिलं, काढलं नाही, हे त्यांचं मी चांगलं म्हणते.

वंदनानं इंजिन सुरू केलं. टाकीला तिनं त्या दिवशी एक नवी चीज लावली होती. गोंदियाच्या मिस्त्रीनंच दिलेली. टाकीत एक गोळा तरंगतो, पाणी खाली गेलं की तोही खाली जातो आणि इंजिन आपोआप बंद होतं. मला तिनं ती सकाळीच दाखवायला हवी होती, पण दाखवली आत्ता. पंप दुरुस्तीला नेला त्याच वेळी सांगून ठेवली होती म्हणे. "पाहा," ती म्हणाली. पाहिलं. चांगली आहे. माझ्यापेक्षा चांगली, कारण तिला कान नाहीत.

"मंग मी काय करू?" मी विचारलं.

"विहिरीवर टाकी भरा. कपडा बांधा. गिऱ्हाइकाशी भांडा. इंजिनापाशी बसायचं नाई. तिकडं सावलीत बसा. आणि उद्या कानाच्या डॉक्टरकडे जाऊन राहिलो आपन."

"घरी बसवनार होतीस नं?"

"घरी बसवलं तर घरच्यांचं काय होईन?" ती म्हणाली आणि नळी उचलून निघून गेली.

मी सावलीत बसले. समोर अंगण होतं. नळी फिरत होती तसा काळा थर फाटत जात होता आणि खालचं पांढरं सिमेंट उघडं पडत होतं, पट्ट्यापट्ट्यानं. शेवंता पुढं पुढं पाणी लोटत होती. नऊ वर्षांत मी हे काम समोर बसून असं कधी पाहिलं नव्हतं, मी टाकीकडे तोंड करून बसायची. पाहायला बरं वाटतं. वंदनाचा हात किती सारखा चालतो ते मला तेव्हा कळलं.

ऊन तापलं. मिलचा नळ अजून कोरडाच होता. माझा पितळी गुंड गाडीत होता. मी तो टाकीतून भरला, झाकण ठेवलं आणि अंगणाच्या कडेला भिंतीच्या सावलीत ठेवून आले. शेवंतानं पाहिलं. आली नाही. घरून बाटली आणली होती तिनं, त्यातलंच पीत राहिली. दुसऱ्या बाया आल्या, प्याल्या. मला काही म्हणायचा हक्क नव्हता.

मधे एकदा विहिरीवरून टाकी पुन्हा भरून आणली. काम संपलं. वंदनानं पाइप गुंडाळला, अर्ध्याहून कमी पाणी होतं ते मिलच्या कडुनिंबाला दिलं. मी गुंड उचलायला गेले, तर शेवंता तिथं उभी होती. गुंड निम्मा भरलेला होता. ती माझ्या डाव्या अंगाला आली. कान कोणता ते तिला वंदनानं सांगितलं असावं, की मीच सांगितलं होतं, आता आठवत नाही.

"घरी पान्याचा खडखडाट हाय," ती म्हणाली. "हा घेऊन जातो. उद्या आणून देईन."

"ने."

तिनं गुंड कमरेवर घेतला आणि वस्तीकडे निघाली. वंदना गाडीत बसून हॉर्न वाजवत होती.

दुसऱ्या दिवशी गोंदियाला डॉक्टरकडे जाताना आम्ही मिलच्या रस्त्यानं गेलो. शेवंता फाटकापाशी गुंड घेऊन उभी होती. चिंच लावून घासला होता, आतूनही.